रुईचा ओला देठ

“तूच त्याले भित्रा म्हनना, म्हनीसन तो सकायमा एकटा डोंगर चढाले गया!” कुंदनचे आजोबा चुडामणनाना पिंपळनेरपासून तेजसला हेच बोलत होते.

“मग मीच परत लई येसू त्याले. मना दोस्त शे तो,” तेजस खेकसला.

त्या डोंगरात पुढं गेलेला माणूस मागच्यांसाठी प्रत्येक फाट्यावर दगडाखाली रुईचं पान दाबून ठेवतो. देठ जिकडं, वाट तिकडं. कुंदनची पानं सापडत गेली.

पण कुंदन सकाळीच गेला होता, आता दुपार कलली होती, आणि देठातून चीक अजून ठिबकत होता. पान आत्ताच खुडल्यासारखं दिसत होतं.

“कुंदन्या, लपू नको, थोबाड फोडसू!” तेजस ओरडला. उतार उघडाबोडका होता. लपायला झुडूपही नव्हतं, रुईचंसुद्धा.

पुढच्या पानाचा चीकही ओलाच होता. दोघं धापा टाकत वर आले आणि वाट कड्यावर संपली.

अगदी काठावरच्या दगडाखाली पान होतं. त्याचा देठ दरीकडं होता.

नानांनी तेजसचं मनगट घट्ट धरलं. तेजस दरीवरच्या रिकाम्या हवेकडं टक लावून पाहत होता. त्याचा राग कुठल्या कुठं गेला होता.

“हात सोडा, नाना,” तो हळूच म्हणाला. “पुढलं पान दिखी ऱ्हायनं. मी निंघस आते.”