बरणीतला चिखल

"यात पाणी कोणी घातलं?"

मुलगी खिडकीशी काचेची बरणी धरून उभी होती. तळाशी चिखल, आणि वर केसाएवढे बारीक जीव पाठीवर उलटे पोहत होते.

पाणी नव्या आईनं घातलं होतं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. मळकी काच तिला बघवत नसे. बुडाशी चिकटलेली माती भिजली की सुटेल म्हणून तिनं पाणी ओतलं, आणि कामाच्या धबडग्यात विसरून गेली.

मुलीनं ताटाला हात लावला नाही. मग बापानं सगळं सांगितलं. डबक्यातला तो चिखल तिच्या आईनं वाळवून ठेवलेला. त्यात कोळंबीच्या लांबच्या भावकीतल्या चिमुकल्या जीवांची अंडी झोपलेली असतात. कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकतात. अंथरुणाला खिळल्यावर ती लेकीला म्हणायची, मी बरी झाले की दोघी मिळून पाणी घालू.

नव्या आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाणी काढून टाकण्यातही अर्थ नव्हता. जागे झालेले पुन्हा झोपणार थोडेच. निदान जगू देत, म्हणून ती रोज त्यांना खायला यीस्टचं पाणी थेंबथेंब सोडू लागली. दुकानातलं भिंग घरी आणलं.

"जावई म्हणून मी आलो तेव्हाही एवढी सरबराई झाली नव्हती," बाप म्हणाला. कोणी हसलं नाही. पण दुसऱ्या दिवशी भिंग मुलीच्या हातात होतं. माद्यांच्या पोटाशी अंड्यांच्या पिशव्या दिसल्या, तेव्हा तिनं ते नव्या आईपुढे धरलं.

ते जीव फार दिवसांचे नव्हतेच. एकेक करून गेले. पाणी आटलं, चिखलाला भेगा पडल्या. नव्या आईनं बरणीला बोट लावलं नाही. काच मळकीच राहिली.

कितीतरी महिन्यांनी, एका सुट्टीच्या सकाळी, मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यासमोर आली.

"चल, दोघी मिळून घालू."

"नको गं. तुझ्या आईनं जपलेली थोडी अंडी उरली असतील त्यात."

"असणारच. सगळी काही पहिल्याच पाण्याला उठत नाहीत." मुलीनं फ्रॉकच्या टोकानं बरणीची काच पुसली. "पण तुझ्या पाण्यातलीही आहेत ना आता. कुठली कुणाची, मलासुद्धा ओळखता येत नाही."