समुद्राचा थर्मामीटर

थंडीची लाट आली की मासे सुस्तावतात. गळाला बांधलेली पिसांची नकली माशी नाकावर टेकवली तरी ढुंकून बघत नाहीत. तरीही धक्क्यावरच्या बाकी सगळ्या बोटी पहाटेच सुटल्या. आमची बोट चालवणारी माझी लेक मात्र हौसेनं गळ टाकून मासे धरायला नि परत सोडायला आलेल्या पाहुण्याला चहा पाजत बसली. पाण्यात सोडलेला थर्मामीटर सारखी वर ओढून बघायची. चाळीस वर्षांत आमची बोट शेवटची सुटली नव्हती. “समुद्राला ताप आलाय का गं?” मी टोमणा मारला. “दुपारी चिखलावरचं उथळ पाणी तापेल, बाबा. मासे तिथंच येतील.” बाकीच्या बोटी रिकाम्या परतल्यावर ती निघाली. संध्याकाळी पाहुणा भिजलेल्या बाह्यांनी नाचतच उतरला, “सात धरले, सात सोडले!” दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या बोटवाल्यानं विचारलं, “निघायचं ना?” मी थर्मामीटर वर ओढत अख्ख्या धक्क्याला ऐकवलं, “छे! आमची लेक उठल्याशिवाय मासे उठत नाहीत!”