आमच्या ह्यांनी केलेला व्हॉल्व्ह

"अहो, हा व्हॉल्व्ह उघडत नाहीये," ती मास्कमधून पुटपुटली.

तिच्या नवऱ्याची हयात साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली होती. वाफ कुठे वाया जाताना दिसली की त्याचं डोकं फिरायचं. तिला औषधाचं धुकं करून देणारा नेब्युलायझर लागला, तेव्हा ती श्वास सोडतानाही औषध हवेत उडून जातं, हे त्याला बघवेना. मग त्याने मास्कखालच्या औषधाच्या वाटीवर रबराचा पातळ व्हॉल्व्ह बसवला. तिने श्वास ओढला की तो उघडायचा, सोडला की मिटायचा. आल्यागेल्याला ती दाखवायची, "आमच्या ह्यांनी केलाय."

त्याने मास्क स्वतःच्या तोंडाला लावून हलकासा श्वास घेतला. व्हॉल्व्ह लगेच उघडला.

"चांगला आहे की गं. जरा जोरात ओढ."

तिने ओढला. गळ्याच्या शिरा ताणल्या, खांदे वर आले. रबर नुसतं थरथरलं.

"बिघडलाच आहे तो," ती धापा टाकत म्हणाली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"हो गं," तो म्हणाला. "बिघडलाय. माझंच काहीतरी चुकलं."

त्याने चिमट्याने व्हॉल्व्ह उपटून काढला आणि मास्क पुन्हा तिच्या तोंडावर बसवला. औषधाचं धुकं भसाभस यायला लागलं.

"आता बघा, कसं छान येतंय," ती म्हणाली.

मास्कच्या दोन्ही भोकांतून सगळं धुकं खिडकीकडे चाललं होतं.