धूर गेला

“पोरीला घेऊन धक्क्यावर जाव नको गो, होडीचा धूर लागंल तिला,” काशीनं सुनेला बजावलं होतं. सुनयनानं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. आज सकाळीही ती दिवाळे गावच्या धक्क्यावर उभी होती. कडेवर लेक मैत्री, नजर होडीच्या मागच्या धुराच्या नळीवर.

मासेमारीची बंदी उठून होडी पाण्यात उतरल्यापासून इंजिन सुरू होताना पांढऱ्या धुराचा लोट सोडायचं. तिचा नवरा अभय म्हणे, नोझल गेलंय. शेजारी म्हणत, डिझेलमध्ये पाणी शिरलंय. सासरा गोटीराम हसण्यावारी नेई. “म्हातारं इंजिन हाय ते, खोकनारच. मी खोकतो तवा मना खोलून बघता काय?”

सुनयना कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, बी.एस्सी. झालेली. तिचा जीव त्या धुरात अडकला होता. भर खाडीत इंजिन बंद पडलं तर? ओहोटी होडीला कुठं ओढून नेईल? मोबाईलवर शोधून तिनं सगळं वाचून काढलं होतं. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावर विरला तर ठीक, नाही विरला तर आत पाणी. म्हणून ती रोज येऊन बघत राही. अभय चिडवायचा, “पोरीच्या शीचा रंग बघतेस, तसाच धुराचा. काय डॉक्टरीणबाई, आज कुठला?”

गेले काही दिवस धूर थोडा थोडा कमी होत होता. तिला जरा धीर आला होता.

होडी धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर उथळ पाण्यात उभी होती. अभयनं सेल्फ मारला. इंजिन धडधडलं. नळीतून काहीच आलं नाही. तापेपर्यंत अर्धा तास चालू ठेवलं, तरी नाही.

“सुटलीस गो बाय! गेला तुझा धूर,” मासळीची टोपली घेऊन बसलेली भागीरथी मावशी म्हणाली. होडीच्या पुढच्या टोकाशी जाऊन दोर सोडवणाऱ्या अभयनं अंगठा दाखवला. सुनयना हसली. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

“मिस्त्री कधी येऊन गेला?” तिनं ओरडून विचारलं.

“मिस्त्री कुठं? तो उद्या येनार. आपोआप बरं झालं!”

सुनयनाचं हसू तिथंच थांबलं. घरात खेळणारी लेक एकदम गप्प झाली की तिला कधीच बरं वाटायचं नाही. हातातलं काम टाकून ती धावत जायची. पोरीच्या तोंडात हमखास काहीतरी सापडायचं. इंजिन चालू आहे, म्हणजे धूर होतोच आहे. नळीतून येत नाही. मग जातोय कुठं?

तिची नजर नळीवरून केबिनकडे सरकली. दार लावलेलं. ऊन लागू नये म्हणून खिडकीवर ताडपत्री ओढलेली.

“बाबा कुठेत?”

“आत. आजपण डोकं जड झालंय म्हणाले. जरा आडवे झालेत.”

“इंजिन बंद कर! दार उघड!”

“अगं, झोपू दे की त्यांना!”

हात धुतल्याशिवाय कुणाला मैत्रीला शिवू न देणाऱ्या सुनयनानं पोर भागीरथीच्या खवल्यांनी भरलेल्या हातांत दिलं आणि ती चिखलात उतरली. एक चप्पल रुतली, ती तशीच राहिली. कठडा धरून ती वर चढली. केबिनचं दार ओढलं.

बाहेर कुणालाच न दिसलेला सगळा धूर तिच्या तोंडावर आला.

अभयनं धावत येऊन इंजिन बंद केलं. दोघांनी गोटीरामला ओढत वाऱ्यावर आणलं. हाक मारली, ओ नाही. पुन्हा मारली. छाती तेवढी हलत होती. हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावला, तेव्हा कुठं उशिरानं त्यानं डोळे उघडले आणि समोर रडणाऱ्या काशीला विचारलं, “कोन गेला गो?”

फळ्या काढल्यावर दिसलं, केबिनखालचा नळीचा सांधा गंजून हळूहळू सुटत आला होता, त्या दिवशी पुरता सुटला. धूर जसजसा कमी होत गेला, तसतसं म्हाताऱ्याचं डोकं जड होत गेलं होतं. दोन्ही गोष्टी घरात सगळ्यांना ठाऊक होत्या. एकमेकींशेजारी ठेवून कुणी पाहिल्या नव्हत्या.

सुनयना आता भेटेल त्याला सांगते, तेच ती तुम्हालाही सांगतेय. चालू इंजिनाच्या होडीत, गाडीत तुमचं कुणी ‘जरा पडतो’ म्हणून दार लावून झोपलं असेल, तर हे वाचणं इथंच ठेवा. जाऊन दार उघडा, हाक मारा. आणि ओ येईपर्यंत तिथून हलू नका.