न लढणारं आरमार

“मग जहाजांवरच्या तोफांचं काय लोणचं घालायचंय?” दिग्दर्शिकाबाईंनी विचारलं.

लेखकाने कागदावरून मान वर केली नाही. त्याचं उत्तर ठरलेलं होतं. हे आरमार अंतराळात नवे ग्रह शोधायला निघालंय, मुडदे पाडायला नाही.

रेडिओवरची ही मालिका तो लिहायचा आणि बाई बसवायच्या. आरमारात कप्तान होते, गणवेश होते, उठल्यासुटल्या सलाम होते. पण भागामागून भाग गेले तरी कुणी कुणाला साधी चापट मारत नव्हतं. ऐकणारे कंटाळले. लढाई आणा, नाहीतर मालिका बंद, असं केंद्राने बजावलं. बंद म्हणजे सगळ्या कलाकारांच्या पोटावर पाय. तेव्हा आज लढाई घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं ठरवूनच बाई त्याच्या घरी आल्या होत्या.

लेखकाने उठून दार लोटून घेतलं.

“आमचा मुलगा नौदलात होता ना, त्याचं जहाज बुडालं,” तो म्हणाला. “शोधून काही हाती लागलं नाही. अधिकारी मला स्टुडिओत येऊन सांगून गेले. घरी मी सांगतो म्हटलं, आणि हिला अजून सांगितलेलं नाही.”

बाईंनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

मग तो बोलतच राहिला. प्रत्येक भाग तो आधी बायकोला वाचून दाखवायचा. ती भाजी चिरता चिरता ऐकायची आणि शेवटी एवढंच विचारायची, लढाई नाही ना? नाही म्हटलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. आपलं पोरही असंच कुठेतरी सुखरूप फिरतंय, असं तिला वाटत असणार. गोष्टीत एक तोफ उडाली तरी तिचा धीर सुटेल. जमेल तितके दिवस तो तिला फसवणार होता.

केंद्राला काय सांगायचं ते सांगू, असं मनाशी म्हणत बाई निरोप घ्यायला स्वयंपाकघरात गेल्या. फार वाईट वाटत होतं त्यांना.

लेखकाच्या बायकोने हात पुसले, बाहेरची चाहूल घेतली आणि बाईंना ओट्याजवळ ओढलं.

“लढाई मागायला आलात ना? नका हो मागू,” ती कुजबुजली. “आमचा मुलगा गेला. त्याच्या मित्राने मला फोन करून सांगितलं. ह्यांच्या हातून एखादं जहाज बुडवून घेतलंत, तर नको ते मनात येईल आणि हे पार खचतील. ह्यांना मी अजून कळू दिलेलं नाही.”