साहेबरावांची पाठ

साहेबराव वाचले. पण ते सध्या बाजूला ठेवू. काही झालंच नाही, असं धरून चालू. साहेबरावांच्या अंगानंही आठ दिवस तसंच धरलं होतं.

औशातल्या तरुण डॉक्टर तूबानं त्यांचा शर्ट पाठीमागून वर केला आणि तिचा हात तसाच थांबला. दोन्ही खांद्यांच्या मधोमध एक गोचीड बसली होती. वाटाण्याएवढी. टम्म.

“काका, ताप कधीपासून?”

“तीन दिस झाले.”

“आणि ही आठ दिवसांपासूनची दिसते. कळलं नाही?”

“न्हाई. खाजलं बी न्हाई.”

साहेबरावांना लाज वाटली. तीस वर्षं गुरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर होते ते. दर पंधरा दिवसांनी गोठ्यागोठ्यात जायचं, जनावराच्या अंगावरून हात फिरवायचा, गोचीड लागली की काढायची. तालुक्यातल्या निम्म्या म्हशींच्या पाठी त्यांना तोंडपाठ होत्या.

“खाजणारच नाही,” चिमट्यानं गोचीड ओढत तूबा म्हणाली. “तिची लाळच तशी. अंगातल्या पहारेकऱ्यांना गुंगी आणते. सूज नाही, खाज नाही. मग तिच्यासोबतचे जंतू बिनधास्त आत येतात. त्यांचाच हा ताप. गोळ्यांनी जाईल, पण अजून चार दिवस गेले असते तर अवघड होतं. घरात पाठ बघणारं कुणी नाही का?”

“आरसा हाय की,” साहेबराव म्हणाले. “पर त्यो निस्ता समोरूनच बघतो.”

पंचशीला जाऊन दोन वर्षं झाली होती. अंघोळीच्या वेळी नवऱ्याची पाठ तीच चोळून द्यायची. रोज. भांडण झालेलं असलं तरी. भांडण असलं की जरा जोरात.

तूबानं जखम पुसली. “झालं. शर्ट घाला.”

साहेबराव हलले नाहीत.

“अजून एखादी असंल, मॅडम.”

“नाहीये, काका.”

“नीट हात फिरवून बघा की. नुसत्या नजरंला घावत न्हाईत समद्या.”

बाहेर पंधरा पेशंट खोकत होते. तूबानं एकदा दाराकडं पाहिलं. मग तळवा त्यांच्या मानेपासून कमरेपर्यंत हळू नेला. एकही गोचीड नव्हती. साहेबरावांचे डोळे मिटले होते. गोठ्यात म्हशी अशाच उभ्या राहायच्या. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, इंजेक्शनच्या सुईला भिऊन राहतात.

ताप उतरल्यावर त्यांनी आपल्याच जुन्या दवाखान्यात रीतसर अर्ज दिला. आवक-जावकच्या बाईंनी न वाचता शिक्काही मारला.

“…मी एकटा राहत असून माझी पाठ माझ्या हाताच्या कक्षेबाहेर आहे. कानात बिल्ला मारून घेण्यास माझी हरकत नाही. तरी गोचीड तपासणीच्या जनावरांच्या यादीत माझे नाव समाविष्ट करून, दर पंधरा दिवसांनी पाठीवरून सावकाश हात फिरवण्यात यावा, ही नम्र विनंती.”