फुकटची शाळा

धामणगावच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काम दिवाळी ते होळी चाले, आणि कापसातला कचरा निवडायला मजुरांची पोरंच बसत. त्याच जिनाच्या शेठजींनी जूनमध्ये या पोरांसाठी फुकट शाळा काढली, तेव्हा मजुरीला जाणाऱ्या पंचफुलाच्या मनात पाल चुकचुकली. तिने शाळेतून मिळालेल्या पाट्या उलटसुलट करून पाहिल्या, तिथे पोरांना मिळणारं दूध आधी स्वतः चाखलं.

"गुरुजी, शेठले एकाएकी आमच्या लेकराईचा पुळका काहून आला?"

"बाई, चांगल्या कामात खोट काढू नये," गुरुजी म्हणाले.

खोट काही सापडेना. दिवाळीच्या तोंडावर तिची लेक शालू फळ्यावरची सूचना अक्षर अक्षर जुळवत वाचू लागली, तशी पंचफुलाला आपल्या संशयाची लाजच वाटली.

 

"दिवाळीची सुट्टी... जिन बंद होईपर्यंत."